बिस्किटांच्या डब्यातली चिठ्ठी

—नाही नाही, बूट टेबलावर नको, तिथे रेघा आखायची फक्की सांडलीय, पांढरे होतील. खाली ठेवा. आणि बसा ना. त्या गाद्यांवर बसा, उंच उडीच्या आहेत, मऊ आहेत. खुर्ची नाही या खोलीला, सव्वीस वर्षं मागतेय. खेळाच्या बाईला खुर्ची कशाला, ती काय बसते थोडीच —असं म्हणतात वर. असो. तर तुम्ही टाचणीच्या मावशी. नाक सांगतंय, विचारायलाच नको. टाचणी मीच म्हणते तिला, अंगाने तशीच ना, आणि टोचतेही तशीच, तिला राग नाही यायचा त्याचा. शनिवारी मातीला आले होते मी. मागे, फाटकापाशी उभी होते. तुमची बहीण —काय बोलू? चाळिशीसुद्धा नाही. जायचं वय होतं का ते? पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. आणि आज शाळा उघडली तर पोरगी नाही, तुम्ही आलात, तिचे बूट आणि पदक पिशवीत घालून.

काय म्हणाली? पुन्हा सांगा. “मी पळाले म्हणून आई गेली.” एवढंच? आणि त्यानंतर शब्द नाही, जेवण नाही, भिंतीकडे तोंड करून पडून? —अरे देवा. आणि ह्याचा अर्थ काय, हे विचारायला तुम्ही माझ्याकडे आलात! माझ्याकडे कशाला? वर जा की! जिना चढा, उजवीकडचा तिसरा वर्ग, सातवी ब, दारावर कापसाची कोकरं चिकटवलेली आहेत, आत सिस्टर आहेत, त्यांना विचारा. नाही, सांगते मी, बसा, उठू नका. मीच सांगते, कारण त्या सांगणार नाहीत. त्या डोळे मिटतील आणि म्हणतील प्रार्थना करू या.

डबा असतो, ताई. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली, पुढे बोटाएवढं कुलूप. राखेच्या बुधवारी —तुम्हाला ठाऊक असेल, तुम्हीही अशाच शाळेत शिकला असाल —त्या बुधवारी कपाळावर राख लावून पोरं वर्गात येतात आणि सिस्टर प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात. ईस्टरपर्यंत काय सोडणार ते लिहायचं. नाव घालायचं नाही. डब्यात टाकायची, डबा चॅपलमध्ये, मूर्तींवर जांभळी कापडं चढवतात ना, त्याच कापडाखाली. कोणी वाचायची नाही, ईस्टरच्या आदल्या दिवशी नव्या अग्नीत जाळायची. चांगलं आहे, मी वाईट म्हणत नाही. पोरं काय लिहितात? चॉकलेट. मोबाइल. एकाने लिहिलं होतं, धाकट्या भावाला मारणार नाही, रविवार सोडून. एकाने गणित सोडलं होतं! शिक्षकांनीही टाकायची असते. मी टाकते. दरवर्षी एकच शब्द —राग. हसू नका. सव्वीस वर्षं सोडतेय, बुधवारी सोडते आणि गुरुवारी पहिल्या तासाला परत घेते.

पण यंदा काय झालं, सिस्टरना वाटलं पोरं फार स्वस्तात सुटतात. म्हणून भाषण. पालेभाजी सोडली तर तो त्याग नव्हे, सोडायचं ते असं सोडा की आत दुखलं पाहिजे, जीव ज्यात आहे ते द्या, मग बघा देव काय देतो. —बघा देव काय देतो! बारा वर्षांच्या पोरीला! जिची आई वर्षभर आज हॉस्पिटलात तर उद्या घरी, तिला! उचलली जीभ लावली टाळ्याला. सिस्टर, समोर कोण बसलंय ते तरी बघा! तिसऱ्या बाकावर कोण बसलंय?

आणि दुसऱ्या दिवसापासून टाचणी मैदानावर येईना. म्हणजे येते, पण कडेला बसते, त्या कुंपणाजवळच्या झाडाखाली, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. पाय दुखतो का? नाही. पोट? नाही. कोणी बोललं? नाही. ताकास तूर लागू देईना. अहो, ही पोरगी अशी होती की मी शिट्टी वाजवून थांबवलं तरी अजून एक फेरी मारून यायची! आठशे मीटर, दोन फेऱ्या, आणि दुसरी फेरी पहिलीपेक्षा जोरात —असं मूल मी सव्वीस वर्षांत दुसरं नाही पाहिलं. आणि पळताना हसायची. कोणी हसतं का हो पळताना? दम लागतो माणसाला! एरवी घरात औषधांचा वास, शाळेत मान खाली, त्या तीन मिनिटांत काय ती पोरगी असायची तेवढीच. ते तिने देऊन टाकलं. बाटल्या सांभाळत बसली आणि दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजत बसली, महिनाभर. मला बघवेना.

मला कसं कळलं चिठ्ठीत काय होतं ते?

—वाचली मी. हो, वाचली. बघा, मी कुणाला घाबरत नाही. फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई असते ना, ही, ही बघा, हिने उघडलं ते कुलूप, दोन मिनिटंही लागली नाहीत, देवाच्या घरचं कुलूप आहे, त्याला कोण पारखणार. दुपारची मधली सुट्टी होती, चॅपल रिकामं. गुडघ्यांवर बसून वाचत होते, कोणी आलं असतं तर म्हणाले असते प्रार्थना करतेय. अक्षर मी ओळखते तिचं, वेळा लिहायची वही तिच्याकडेच असते, सात काढला की त्याला मध्ये आडवी रेघ. चिठ्ठीवर सात नव्हता, पण ‘ळ’ तिचाच. “पळणं. आई बरी होईपर्यंत.” बाकीच्यांची चाळीस दिवसांची सोय, हिची आई बरी होईपर्यंत! मी तिथे चॅपलमध्ये शिवी दिली, ताई. मोठ्याने. मग कुलूप लावलं आणि बाहेर आले.

सिस्टरकडे गेले? जायला हवं होतं ना? —काय सांगणार, मी चोरून वाचलं म्हणून? आणि त्या काय म्हणाल्या असत्या, किती सुंदर त्याग! मुख्याध्यापिकांकडे जाऊन काय उपयोग, त्यांना स्पर्धेच्या दिवशी पाहुण्यांना पाणी थंड मिळेल ना एवढीच काळजी. आणि स्पर्धा तरी कधी, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, गुरुवारी! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पण यंदा यजमान आम्ही, आमच्याच मैदानावर, आणि आठशेचा चषक या शाळेत कधी आलेलाच नाही, काचेच्या कपाटात त्याची जागा आहे, तिथे माळी झारी ठेवतो. आणि मी निवृत्त होतेय या जूनमध्ये. —त्याचा संबंध नाही! मी सहज सांगितलं. त्याचा काही संबंध नाही, मी पोरीसाठी केलं ते.

केलं म्हणजे —खोटं बोलले. स्पर्धेच्या आधीच्या सोमवारी तिला इथेच आणलं, याच गाद्यांवर, तुम्ही बसलाय तिथेच बसली होती. म्हटलं, टाचणी, मी फादरांना विचारलंय. नाव नाही घेतलं तुझं, नुसतं विचारलं. रविवार जसे त्या चाळीस दिवसांत मोजत नाहीत, तसं शाळेसाठी पळणंही मोजत नाहीत. शाळेच्या गणवेशात पळालं तर शब्द मोडत नाही. —काय बघितलं तिने माझ्याकडे! रागावली नाही, तुम्हाला कसं कळलं विचारलं नाही, नुसतं म्हणाली, “नक्की फादर म्हणाले?” मी म्हटलं, हो. मी “हो” म्हणाले, डोळ्याला डोळा भिडवून. आणि फादरांशी मी त्या महिन्यात बोलले होते ते मैदानावर त्यांची मोटार लावू नका एवढंच.

आणि तिचा चेहरा असा उघडला, ताई. बूट पिशवीतच होते! रोज घेऊन येत होती पोरगी, महिनाभर, पिशवीच्या तळाशी!

पळाली. तुम्ही नव्हता ना गुरुवारी, तुम्हाला काय सांगू. शेवटच्या वळणावर चौथी, आणि मग —जाऊ दे. शिक्षिका सगळ्या उभ्या राहिल्या, सिस्टरसुद्धा, झगा उचलून किंचाळत होत्या, हो, त्याच सिस्टर! चषक आला. पदक गळ्यात. आणि मग ऑफिसातून निरोप, घरी जा. निरोप उशिरा मिळाला, ते मला मान्य आहे, त्याचंच सगळ्यांना लागलंय, तुमच्या मेहुण्यांनाही लागलं असणार. पण आमच्या ऑफिसातला कारकून म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. याला निरोप द्या, तो तीन टेबलं फिरून, चहा पिऊन मग निघतो. त्याला विचारा. मला खेळाचं बोला, निरोपाचं मी काय सांगणार.

आता शाळेत कुजबुज चाललीय, बाईंनी जबरदस्ती केली. चोर सोडून संन्याशाला फाशी! जबरदस्ती मी केली का? “जीव ज्यात आहे ते द्या” मी म्हटलं का? मी तर तिला तिचं तिला परत दिलं! आणि त्याबद्दल ती माझ्यावर मान फिरवते, आणि सिस्टरच्या कुशीत जाऊन रडते, मातीच्या दिवशी बघितलं मी. मला काही वाटत नाही. मला कशाला वाटेल? मी काय तिची कोण?

पण हे बघा, ताई, हे तिला सांगा. आज, गेल्या गेल्या सांगा. साधा हिशोब आहे, सातवीतल्या पोरीला कळेल. ती पळाली सव्वाअकराला. माझ्या वहीत आहे, ही वही, बघा, अकरा वाजून सोळा मिनिटं, शिट्टी. आणि आईचं बिघडलं कधी? पावणेदहाला! दीड तास आधी! म्हणजे ती पळाली म्हणून नाही, तेव्हा ती पळालीच नव्हती हो! तेव्हा ती त्या झाडाखाली बसून नाडी बांधत होती, मी खिडकीतून बघितलं ना, तिने शब्द मोडलेलाच नव्हता, अख्खाच्या अख्खा होता! हे तिला सांगितलं की संपलं! सिस्टर काय, फादर काय, कुणाची गरज नाही, घड्याळच सांगतंय. पावणेदहा, समोरच होतं घड्याळ, त्याचा काटा नवावर जरा अडकतो, तुमचे मेहुणे म्हणत होते आत्ताच्या आत्ता पाठवा, आई पोरीला विचारतेय, सारखी विचारतेय, आणि मी —

काय?

अशा का बघताय?

...

मी छातीवर नंबर लावायला पिना आणायला गेले होते. ऑफिसात कोणी नव्हतं. कारकून बिचारा मैदानावर खुर्च्या वाहत होता. फोन वाजत होता, वाजत होता, म्हणून उचलला.

बाईचा आवाज होता म्हणाले? मेहुण्यांनी सांगितलं होतं तुम्हाला? आधीच? मग मघाशी मी कारकुनाचं बोलत होते तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? —मला बोलू दिलंत. सगळं बोलू दिलंत.

दोनदा आला होता असाच फोन आधी, ताई. हिवाळ्यात. दोनदा मी पोरीला वर्गातून काढून पाठवलं, आणि दोन्ही वेळेला संध्याकाळी तिची आई घरी येऊन उशीला टेकून बसली होती. मला वाटलं तसंच. मला वाटलं दीड तास. दीड तासाने काय होतंय. पदक घेऊन गेली तर आईलाच बरं वाटेल —असं वाटलं, खरंच वाटलं, मी खोटं नाही बोलत. “हो, पाठवते” म्हणाले. ठेवला फोन. पिना घेतल्या. तिच्या छातीवर नंबर मी लावला, ताई, या हातांनी, आणि ती विचारत होती, बाई, एवढ्या पिना कशाला. म्हटलं, चषकासाठी.

ती पोचली तेव्हा बोलत होती का तिची आई? —नाही. अकरापर्यंत बोलत होती. बरं.

बरं.

नाही, रडत नाहीये मी, फक्की गेली डोळ्यात. ओरडा, मारा, वर जाऊन तक्रार करा, मी सही करते हवी तिथे. पोरीला वेळ सांगायची तर हेही सांगावं लागणार, कळतंय मला. ती हुशार आहे. पावणेदहा कुणाला ठाऊक होतं, हे ती पहिलं विचारील. विचारू दे. तिला राग धरायला कोणीतरी हवंच आहे, स्वतःवर नको, माझ्यावर धरू दे. धडधाकट आहे मी. तुम्ही सांगा तिला, तुम्ही सांगितलं तर —

काय? कुठे? फाटकापाशी? आत्ता? तुमच्याबरोबर आलीय ती, आणि एवढा वेळ त्या फाटकाशी उभी आहे?

...

ही बेल झाली. आले बघा, आले सगळे, दारात शिंगरांसारखे. —सातवी ब! दोन रांगा! बोलायचं नाही! मी येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, शिट्टी वाजली तरी नाही! —नाही ताई, तुम्ही बसा. तुम्ही नका येऊ. बूट द्या इकडे. नाही, राहू देत, राहू देत तिथेच. रिकाम्या हातांनीच जाते.