आखाजीचा झोका आणि नवा गुडघा

माझा नवा गुडघा कसा वाकला ते सांगते, पण मध्ये हसायचं नाही.

मुंबईला गुडघ्याची वाटी बदलली, टाके निघाले, तरी पाय लाकडासारखा ताठ. जळगावहून व्यायामवाले डॉक्टर घरी यायचे.

"आजी, अजून वाकवा."

"दुखतं हो भाऊ."

"दुखणारच. पण आता नाही वाकला, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल."

त्या भुलीची मला मोठी धास्ती. रोज रडायची, पण पाय तिथंच अडायचा.

तेवढ्यात आखाजी आली, आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आल्या, दारातल्या निंबाला झोके बांधले, गाणी सुरू झाली. खुर्चीत बसून मी किती वेळ बघणार? काठी टेकत गेले आणि बसले झोक्यावर. झोका चढवायचा म्हणजे पुढे जाताना पाय लांब करायचे, मागे येताना आत ओढायचे. पहिल्यांदा डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण बाया गात होत्या. मीही आवाज लावला आणि पाय ओढला आत.

लेक ओरडत आली, "माय, पडशीन व! उतर खाले!"

"बाजूले सरक," मी म्हटलं, "झोका लागी जाई तुले!"

नेमके तेव्हाच डॉक्टर आले. गुडघ्याकडे बघतच राहिले. "आजी, वाकला की! आता भुलीचं काम नाही. उतरा, नीट बघू द्या."

"आत्ता नाही उतरत भाऊ," मी म्हटलं. "मागे एवढ्या पोरी उभ्या आहेत. उतरले की माझा नंबर गेला."