लायकीचा दाखला

इंदिरानगरच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी शरणपूरच्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बसल्या होत्या. सगुणाबाईंचं रक्त नुकतंच काढलं होतं आणि दीनाबाई त्यांना झापत होत्या.

"साखरेची पेशंट, आणि दर शुक्रवारी उपाशी! पडलीस ना चर्चच्या पायरीवर?"

"सुनेला घराबाहेर काढलं होतं मी. फेडायला नको?"

"सोळा वर्षं फेडतेयस. तिनं माफ केलं, देवानं माफ केलं. तुझ्याच कचेरीत फाइल अडकलीय!"

"चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायची लायकी नाही गं माझी."

"आम्ही काय लायकीचा दाखला घेऊन जातो होय? हे बिस्किट खा आधी."

सगुणाबाईंनी हात पुढे केला.

"थांब. कशाबद्दल घेतेस? काय केलंस माझ्यासाठी?"

"काही नाही. तू देतेस म्हणून घेते."

"मग प्रभूची भाकर घेतानाच कसले नखरे?"

सगुणाबाईंनी बिस्किट खाऊन टाकलं.

"रविवारी न्यायला येशील मला?"

"येईन. खाऊन तयार राहा." दीनाबाईंनी पुडा माझ्यापुढे धरला. "घ्या बाई."

"नको, माझा सोमवार आहे."

"झालं! सगुणे, ही बघ तुझी बहीण."