डोंगर सरकत नसतो

(सासऱ्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरलेला मोठा कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेला नकाशा, पट्टी, खोडरबर, चहाचे दोन कप. सकाळ.)

सासरे : डोंगर सरकवा म्हणे! तो काय सोफा आहे?

सून : बोटभरच हो, बाबा. कागदावरचा तर डोंगर.

सासरे : कागदावरचाच सरकवायचा नसतो, सूनबाई. खऱ्याला कोण हात लावतंय? पस्तीस वर्षं जमिनी मोजल्यात मी. आणि हे माझ्या मनचं नाही, तुझ्याच वहीत लिहिलंय. नदी डोंगराला वळसा घालून येते, मठ धबधब्याच्या वर. मग नदीकाठाने मठ चार दिवसांवर. यात मी काय करू?

सून : झालं! मागच्या शनिवारी मी सगळ्यांसमोर सांगून बसले, विष तीन दिवसांत जीव घेतं.

सासरे : कोणाचा?

सून : खेळातल्या लोहाराचा. तीर लागलाय त्याला. औषध फक्त मठात, म्हणून चौघं तिकडे निघालेत. मी गोष्ट सांगते, ते चौघं आपापलं पात्र होऊन फासे टाकतात, सांगितलं होतं ना?

सासरे : सांगितलंस गं. मोठी माणसं शनिवारी असलं काही करतात, हे पचायला वेळ लागला, एवढंच. मग मरू दे त्याला. दुसरा लोहार घ्या.

सून : मेला की नवं पात्र घ्यायचं, नियम तसाच आहे.

सासरे : मग अडलंय कुठे?

सून : तो लोहार तुमचे चिरंजीव खेळतात.

सासरे : चहा निवला तुझा.

सून : निवू दे. आठ महिने झाले, बाबा. त्याच्या दुकानाच्या पहिल्याच दिवशी, गिऱ्हाइकांसमोर तुम्ही खिशातून टेप काढलात आणि काउंटर अर्धा इंच वाकडा आहे म्हणालात.

सासरे : होताच वाकडा.

सून : होता. दुसऱ्या दिवशी त्याने सरळ केला. पण तेव्हापासून घरातसुद्धा मोजूनमापून बोलतो. पोट धरून हसतो ते फक्त शनिवारी, लोहार झाला की. परवा म्हणाला, हा मेला तर मी खेळ सोडणार. मला भीती वाटते, बाबा. तेवढा एकच दिवस उरलाय आमच्याकडे.

सासरे : मग विष पाच दिवसांचं कर.

सून : लगेच पकडेल. रोज किती कोस चाललो, किती भाकऱ्या उरल्या, सगळं लिहून ठेवतो. पट्टीने रेघा मारून! कोणावर गेलाय कोण जाणे.

सासरे : पट्टीने?

सून : लाल पेनाने.

सासरे : हं. आण ती पेन्सिल. हे बघ, या दोन शिखरांमध्ये खिंड असणार. तुझ्या वहीत नाही असं कुठे म्हटलंय? सगळ्या पायवाटा नकाशात कधीच येत नाहीत. आम्ही नव्या मुलखात गेलो की आधी मेंढपाळ गाठायचो. त्याला वाट माहीत असते. इथून चढलं की दोन दिवसांत मठ.

सून : बाबा! सुटला की प्रश्न! मेंढपाळ कुठे बसवू?

सासरे : या वळणावर. पण विचारलं तरच सांगेल. न मागता शहाणपण वाटणारा माणूस कोणाला आवडत नाही. उशिरा का होईना, कळलंय मला.

सून : मग मेलाच लोहार.

सासरे : का?

सून : सगळ्यांच्या पुढे तोच असतो. लंगडत जाईल, पण वाट विचारणार नाही.

सासरे : हे मात्र माझ्याकडूनच उचललंय त्याने.

सून : मी काही बोलले नाही.

सासरे : तुझ्या त्या नियमांत बघ जरा. मेंढपाळानेच आधी हाक मारली, तर चालतं का?

सून : चालतं, बाबा. शनिवारी पाचला बसतो आम्ही.