शेवटच्या नंबरची आजी

चहा तुमी पाजून राह्यले म्हून सांगतो, नाईतर ही गोष्ट मी कोणाले सांगत नाई.

मानोरा गावातल्या माह्या सरकारी दाखले काढून द्याच्या दुकानात मी कम्प्युटरले सेटिंग करून ठेवली हाये. दोन मिनिटं कोणी हात नाई लावला का स्क्रीन बंद होते, अन् थोड्या वेळानं मशीनच झोपते. करंट कमी लागते, मशीन तापत नाई. या अकलेचा मले लय अभिमान व्हता.

परवा खिडकीबाहेर अकरा जण उभे व्हते. त्या खिडकीतून फक्त कम्प्युटर दिसते. सर्वात मागून एक आजी आली. तिच्यानं उभं राहवत नव्हतं, म्हून तिले आत पंख्याखाली बसवलं. "नंबर मात्र शेवटचाच, आजी," म्हटलं. तेवढ्यात सर्वर अटकला, तं मी चहा प्याले गेलो.

दहा मिनिटांनी येतो तं खिडकीत एक माणूस नाई. आजी एकटी बसून व्हती.

"लोकं कुठी गेले, आजी?"

"तुहा तो टीव्ही विझला, बाबू. एक जण म्हणे लाईन गेली, करंट आता संध्याकाळपर्यंत येत नाई. गेले सारे घरी."

मी माउस हालवला. स्क्रीन लागली. सर्वरही चालू झाला व्हता.

"मंग तुमी काहून थांबल्या?"

आजीनं वर बोट दाखवलं. "पंखा फिरून राह्यला नं."

"अवो, मंग त्यायले सांगाचं नाई का?"

आजीनं पिशवीतून आधार कार्ड काढलं अन् माह्यापुढं ठेवलं.

"माहा नंबर शेवटचा व्हता नं, बाबू."