आजोबांची डुलकी

—नाही, फुकट नव्हे, मुक्त सॉफ्टवेअर. शब्द जपून वापरावा माणसानं. फुकट म्हणजे पैसे न घेता दिलेलं. मुक्त म्हणजे कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं असं. बसा ना, पाणी तरी घ्या. ज्या रनटाइमची नवी आवृत्ती तुम्ही आत्ता आतल्या खोलीत ताईच्या श्वासयंत्रात भरलीत, तो मी सांभाळतो. खरंच—याच टेबलावरून. प्रोग्रॅमनं हुकूम सोडायचा आणि यंत्राकडून तो करवून घ्यायचा रनटाइमनं, कारभारीच म्हणा. कुठंकुठं जाऊन बसलाय, मलाही ठाऊक नाही. नेताना कुणी विचारत नाही—बिघडलं की मात्र माझा पत्ता बरोब्बर सापडतो.

हा रनटाइम लिहायला आमच्यात नव्यानं आलेली मंडळी मला आजोबा म्हणतात. एका हुकुमानंतर दुसरा सोडण्याआधी आमचा रनटाइम क्षणभर थांबायचा—फार पूर्वी मीच घातलेला विराम—त्याला ती म्हणायची 'आजोबांची डुलकी'. का थांबतो, असं विचारलं त्यांनी. मला सांगता येईना. शेजारी माझीच टीप: 'हा विराम काढू नये.' कारण? लिहिलंच नव्हतं. इतकी उघड गोष्ट कोण विसरेल, असं वाटलं असणार. शब्दांबाबत एवढा काटेकोर मी, आणि नेमकी तिथंच कंजुषी. सगळ्या चाचण्या पार पडल्या, मग काढला. खोटं कशाला बोलू—ती 'डुलकी' मनाला लागली माझ्या. वेग वाढला, वाहवा झाली. ताईसुद्धा मास्कआडून हसली, म्हणाली, आता तरी तुला म्हातारा म्हणणार नाहीत.

काय म्हणालात? यंत्रातली झडप बदलली नाही? जुनीच—ती सावकाश मिटणारी?

थांबा. तो विराम घातला तेव्हा एका बाईंनी कळवलं होतं... त्यांच्या वडिलांच्या यंत्रात तीच झडप होती. पुरती मिटण्याआधीच उघडण्याचा हुकूम पोहोचला, की ती अर्ध्यावर अडकते. एरवी नाही—धाप लागली, उबळ आली, श्वास भरभर चालू झाला, की. त्यासाठीच तर तो विराम—आणि आमच्या चाचण्यांत ती झडप कुठाय? जुनी आवृत्ती आहे ना तुमच्याजवळ? गाडीत? मग आणा—नको, आधी हातानं दाबून श्वास द्यायचा तो फुगा काढा. ताई खोकतेय. ऐकताय ना? पाणी राहू द्या ते, उठा—

शू.

थांबली. उबळच थांबली ना?