हिरवी वायर

बाबा : तीनदा विचारलं मी त्या दिवशी. "बंद आहे ना? अगं, बंद आहे ना?" मी इथं कॅम्परमध्ये, या राहायच्या गाडीत, पलंगावर आडवा, हातात पक्कड. ती बाहेर घराच्या मेन स्विचजवळ स्टूल टाकून बसलेली. आमचा नियमच होता. दर वायरीआधी विचारायचं, आणि तिनं "बंद आहे" म्हटल्याशिवाय मी हात लावायचा नाही.

लेक : आणि आई बोललीच नाही.

बाबा : मला वाटलं, फुगलीय. सकाळीच तिच्या हेअर ड्रायरवरून भांडलो होतो. बाहेर येऊन बघतो तर भिंतीला डोकं टेकलेलं, चष्मा नाकावर, आणि ती गेलेली.

लेक : बाबा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

बाबा : विचारलं कुणी? सगळे डॉक्टर काय म्हणाले तेच विचारत होते.

मावशी : (दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गाडीच्या दारात) सरका, सरका! इस्त्री आणलीय, मिक्सर आणलाय, किटली आणलीय, ताईचा ड्रायरसुद्धा आणलाय. भाऊजी, कुठं खुपसू?

बाबा : माझ्या डोक्यात खुपस. मेहुणीबाई, मी फिरायला चाललोय, लाँड्री काढायला नाही.

मावशी : मग ही एवढी सॉकेटं कशाला? शोभेला?

लेक : मावशी, आज परीक्षा आहे. सगळं नीट चाललं तर उद्या सकाळी बाबा समुद्राकडे निघणार. कुठंही धूर दिसला तर किल्ली माझ्या पर्समध्ये.

बाबा : बघा, पोटची पोर! बापाला नापास करायला टपलीय.

लेक : बापानं मागच्या आठवड्यात एका सॉकेटमध्ये तीन पिनांचा जोड, त्या जोडात आणखी एक जोड, आणि त्यात हीटर लावला होता.

मावशी : अगं बाई! एका खाटेवर सगळं गणगोत निजवलं की!

बाबा : काढलं ना ते! आता बघ. ड्रायव्हरजवळचं हे बारा व्होल्टचं. यावर फोन, पंखा, हे दिवे. फ्रीजला वेगळी जाड वायर, वेगळा फ्यूज. आणि इथला इन्व्हर्टर तीनशे वॉटचा. लॅपटॉप चालेल, दाढीचं मशीन चालेल.

मावशी : आणि किटली?

बाबा : किटली दीड हजार वॉट. अंथरूण पाहून पाय पसर.

मावशी : मी लावून बघते.

लेक : मावशी, नको!

मावशी : लावली. अय्या! हे कोण ओरडतंय?

बाबा : इन्व्हर्टर ओरडतोय. तुझ्या नावानं. काढ ती पिन!

मावशी : काढली, काढली! बाई गं, एवढ्याशा डब्याचा केवढा घसा! अगदी आमच्या सासूबाई.

लेक : पण धूर नाही आला.

बाबा : येणारच नाही. त्यानं ओरडून स्वतःला बंद करून घेतलं. शहाणा आहे तो. पाहुण्यांपेक्षा.

लेक : बरं, एक झालं. आता बाहेरून घ्यायची वीज. कॅम्पच्या जागी खांबावरून घेतात ती.

बाबा : केबल घरातून आणून लावलीय. कुणीतरी मेन स्विचजवळ जा.

मावशी : मी जाते. ताईची जागा माझी.

लेक : स्टुलावर बस. आणि नीट उत्तर दे हं.

बाबा : बंद आहे ना?

मावशी : असं वाटतंय!

बाबा : वाटतंय? वाटण्यावर मी जीव टाकू? बघून सांग!

मावशी : चष्मा आत राहिला. थांबा... खाली आहे म्हणजे बंद ना? बंद आहे! बंद आहे! बंद आहे!

लेक : एकदा पुरे गं! बाबा, तू हसतोयस?

बाबा : पोट दुखतंय माझं. हं, पिन घातली. चालू कर!

मावशी : केलं! आता काय?

बाबा : आता आत ये आणि या ट्रिप स्विचवरचं पिवळं बटण दाब.

मावशी : हे? अरे देवा! खट्टकन पडलं! भाऊजी, मोडलं मी! आईशप्पथ, हळूच दाबलं होतं!

बाबा : मोडलं नाही. ते पडायलाच हवं. वीज कुठं गळायला लागली तर असंच पडणार आणि आपण वाचणार. पडलं म्हणजे पास.

मावशी : पडून पास! आमच्या वेळी असती अशी शाळा!

लेक : उचल ते परत. आता ड्रायर लाव, ओट्याच्या सॉकेटला. चालला! मावशी, माझे केस! बाबाच्या डोक्यावर धर!

बाबा : अगं, चारच केस आहेत, ते तरी ठेव!

मावशी : नाचतायत चारही! भाऊजी, भांडण ताई जिंकली. चालला की ड्रायर.

बाबा : खांबाच्या विजेवर चालला. बॅटरीवर नाही. मी तेच म्हणत होतो. पण जिंकली तीच. भांडण झाल्यावर मी गपचूप तिच्या उशाजवळ सॉकेट बसवायला घेतलं होतं. अंथरुणातच केस वाळवता यावेत म्हणून.

लेक : हे झाकणाला टेप मारलेलं? तेच का ते?

बाबा : तेच. त्याचा स्विच वेगळा आहे, खाली पाडून ठेवलाय. धोका नाही.

लेक : घे किल्ली.

बाबा : पास?

लेक : पास. पण दोन दिवस मी सोबत येणार. स्विचजवळ बसायला कुणीतरी हवं.

मावशी : आणि मी? मी काय इथं इस्त्री करत बसू? भाऊजी, ते उशाजवळचंही आत्ताच उरकून टाका. मी बाहेर जाऊन सांगते, बंद आहे म्हणून. या वेळी चष्मा लावून.

बाबा : सांगशील गं. मला ऐकूही येईल.

लेक : मग?

बाबा : आज नको. दोन वायरी तिनं "बंद आहे" म्हटल्यावर लावून झाल्यात. हिरवी लावायची राहिलीय.