सूपात कुठले दाणे

—ठेव, ठेव ते खाली! सूपाला हे गोल लाल दाणे? अगं, हे गोड खिरीचे, शिजले की नुसता लगदा. सूपाला हा घ्यायचा, हाही लालच, पण लांबट, बारीक — दोन-दोन तास उकळला तरी आकार सोडत नाही, पण अंगात साठलेलं पाणी बरोबर काढतो. मोबाइल नको दाखवूस मला! चाळीस वर्षं शाम शुइ पोच्या बाजारात, याच रस्त्यावर बसून हेच विकतेय मी. सासूचे पाय सुजलेत म्हणतेस ना? आणि तिला खीर पाजणार होतीस? कमाल आहे बाई तुम्हा पोरींची!

आमच्याकडेही असलंच एक रत्न आलं — होइतिंग, माझी सून. ऑफिसात म्हणे बारा माणसं हिच्या हाताखाली, आणि स्वयंपाकघरात शून्य. दर रविवारी मुलगा-सून माझ्याकडे सूप प्यायला यायची, तर एकदा हिला उमाळा आला — आई, तुमचे पाय सुजलेत, या रविवारी मीच करून आणते. आणलंन. थर्मासचं झाकण उघडते तर काय, लाल चिखल, आणि त्यात मासा रुतलेला! मग मी काय केलं? ओतलं मोरीत. सगळं, तिच्या डोळ्यांदेखत. नाहीतर काय, पिऊ ते? ती रडायला लागली. चुंगहेइनं, माझ्या मुलानं, थर्मास विसळला, तिचा हात धरला आणि गेला. तीन वर्षं झाली. नाही येत तर नाही! माझं काय अडलंय? मी रविवारी तिघांचं करते आणि बुधवारपर्यंत एकटी पिते. सवय, दुसरं काय.

काय म्हणालीस? कुठला दाणा ते तिला कुणी सांगितलं होतं का?

विचारलं होतं ना तिनं. फोन केला होता इथे, दुकानात, नेमकी गिऱ्हाइकांची गर्दी — आई, सूपात कुठले दाणे घालू? — मी म्हटलं, लाल, आणखी कुठले? एवढीही अक्कल नाही? — आणि फोन ठेवून दिला.

चुंगहेइला नाही माहीत हे. तिनं सांगितलंच नाही त्याला. आणि मी... मला तोंड आहे का सांगायला?

बघत काय उभी राहिलीस? हे घे, मूठभर जास्तच घातलेत. रात्रभर भिजव आधी. आणि नीघ आता — तुझी सासू वाट बघत असेल.